वहीतले सहा उंदीर

चांद्री गेली तेव्हा मी दहावीत होते. आषाढ लागला होता, पहिला मोठा पाऊस होऊन आठ दिवस झाले होते आणि बोरीला गढूळ पाणी आलं होतं. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव लहान. घरी दोन म्हशी, एक बैलजोडी आणि कापसाचं थोडं रान. चांद्री दुसऱ्या वेताची होती, कपाळावर पांढरा चांद, सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ-दहा लिटर दूध. घरचा किराणा आणि माझी शाळा त्या दुधावर चालायची.

त्या संध्याकाळी तिने निम्मंच दूध दिलं आणि ढेपेला तोंड लावलं नाही. आप्पांनी तिच्या कानाला हात लावला आणि लगेच काढला. अंग नुसतं तापलं होतं. रात्री दहाच्या सुमाराला जबड्याखाली सूज दिसली, बारापर्यंत ती गळ्यावरून खाली उतरली. गरम आणि टणक. जीभ बाहेर आली, लाळेची तार लोंबायला लागली आणि मग तो आवाज सुरू झाला. रिकामं जातं फिरवल्यावर दगडावर दगड घासतो तशी घरघर, प्रत्येक श्वासाला. ती बसायला तयार नव्हती. बसली की श्वास अडकत असावा. माय तिच्या मानेवरून हात फिरवत उभी राहिली, मी कंदील धरला. पहाटे ढोरांचे डॉक्टर आले, त्यांनी शिरेतून औषध दिलं आणि आप्पांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. आठच्या आत चांद्री गेली.

घटसर्प. आमच्याकडे हा शब्द लहान मुलांनाही माहीत असतो. काही जण गळसुजी म्हणतात. आदल्या सकाळी धडधाकट असलेलं जनावर दुसऱ्या सकाळी खड्ड्यात असतं, म्हणून त्याची भीती वेगळीच.

डॉक्टरांनी आधी कानाच्या टोकाचं रक्त काचपट्टीवर घेतलं. काळपुळी नाही याची खात्री होईपर्यंत मेलेलं जनावर उघडायचं नसतं. मग त्यांनी पायाचं नळीचं हाड काढून घेतलं, कापडात गुंडाळलं आणि तपासणीला पाठवलं. मला ते फार क्रूर वाटलं होतं. एवढं झाल्यावर आता तिचा पाय कशाला? पुढे शिकल्यावर कळलं की शरीर कुजायला लागलं तरी हाडातला मगज सगळ्यात शेवटी बिघडतो. लांबच्या प्रयोगशाळेपर्यंत खरा जिवाणू पोचवायचा तर हाडासारखं डबं नाही.

एक गोष्ट आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं कोणी बोललं नाही. मे महिन्यात गावात लसीकरण झालं होतं. आप्पांनी बैलांना लस टोचली, भाकड म्हशीला टोचली, चांद्रीला टोचली नाही. टोचल्यावर जागेवर गाठ येते, एखाद दिवस अंग तापतं आणि दूध कमी होतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. रतीब बांधलेले होते, बियाण्याचे पैसे द्यायचे होते. चार दिवसांनी देऊ, असं म्हणत राहिलं. तीच एक राहिली आणि तीच गेली.

मी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळले त्यामागे दुसरं काही कारण शोधायला नको.

त्या जिवाणूचं नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. १८८७ साली त्याच्या प्रजातीला पाश्चरचं नाव मिळालं, कारण त्याआधी काही वर्षं, १८७९-८० मध्ये, पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना याच जिवाणूला दुबळं करून दाखवलं होतं. आपल्याकडच्या घटसर्पाला त्याचा बी-२ हा प्रकार कारणीभूत असतो. मला हादरवलं ते वेगळ्याच माहितीने. हा जिवाणू दर वेळी बाहेरून येतो असं नाही. धडधाकट दिसणाऱ्या काही जनावरांच्या नाकाघशात तो गुपचूप राहतो. उन्हाळ्यात चारा कमी पडलेला, अंगातलं बळ गेलेलं, त्यात पहिला पाऊस, भिजलेला गोठा, पेरणीची ओढाताण. अंगाची तटबंदी ढासळली की तो रक्तात उतरतो आणि काही तासांत वाढतो. म्हणून लस पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये. आमच्या बाजूला जून उजाडेपर्यंत चारा म्हणजे दादर ज्वारीच्या कडब्याची शेवटची पेंढी असते, हे ज्याने पाहिलंय त्याला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रचलित लस म्हणजे तोच जिवाणू, मारलेला. अख्खा. तुरटीच्या जातीच्या क्षारावर बसवलेली असेल तर तिचं संरक्षण चार-सहा महिने टिकतं, तेलातली जास्त टिकते, पण ती दाट असते आणि टोचताना त्रास देते. आणि अख्खा जिवाणू म्हटला की त्याच्या वेष्टणातलं विषही सोबत येतं. ताप, गाठ आणि दुधातली घट बऱ्याच अंशी तिथून येते. मग साहजिक विचार असा येतो: अख्खा जिवाणू कशाला? त्याच्या बाहेरच्या पटलातलं एखादंच प्रथिन, ज्याला पाहून शरीर शत्रू ओळखेल, तेवढंच टोचलं तर? लहान मुलांना देतो त्या त्रिगुणी लशीत धनुर्वाताचं आणि माणसांमधल्या घटसर्पाचं, म्हणजे डिप्थेरियाचं (तो रोग वेगळा, नाव तेवढं एक), असंच तर असतं. जिवाणूने सोडलेलं विषारी प्रथिन फॉर्मलीनने निर्विष केलेलं. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्ताँ रामोंने ती वाट दाखवली.

ज्या लशीने दूध आटत नाही अशी लस. आप्पांनी चांद्रीला मे महिन्यातच टोचली असती अशी लस. त्या एका कल्पनेवर मी गावापासून लांब, दुसऱ्या राज्यातल्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत काही वर्षं काढली.

प्रथिन बनवण्याचं काम मला मनापासून आवडायचं. पाश्चुरेलातला हव्या त्या प्रथिनाचा जनुक काढून ई. कोलाय नावाच्या दुसऱ्या, निरुपद्रवी जातीच्या जिवाणूत बसवायचा. तो ३७ अंशाला हलवत वाढवायचा, योग्य वेळी आयपीटीजी नावाच्या रसायनाचे चार थेंब टाकायचे, की तो आपलं सगळं सोडून आपण सांगितलेलं प्रथिन बनवायला लागतो. इतकं बनवतो की त्याच्या पोटात ते मावत नाही, गुठळ्या होतात. त्या गुठळ्या विरघळवायला युरिया लागतो. तोच, आप्पा कापसाला देतात तो, फक्त शुद्ध. एका लिटरला जवळजवळ ४८० ग्रॅम. पहिल्यांदा ते द्रावण केलं तेव्हा चंचुपात्र हातात गार पडत गेलं, बाहेरून दव धरलं. माझ्या सोबतच्या मुली चकित झाल्या. मला नवल वाटलं नाही. फवारणीच्या दिवशी युरिया घोळलेल्या बादलीत हात घालून मी लहानपणी तो गारवा घेतलेला होता. त्या रात्री फोनवर आप्पांना सांगितलं, तर त्यांना माझ्या सगळ्या शिक्षणातली पहिल्यांदाच एखादी गोष्ट नीट समजली आणि ते खूप खूश झाले.

मग निकेलच्या नळीतून ते गाळायचं. प्रथिनाला आपण एक शेपूट जोडलेलं असतं, ते निकेलला धरून बसतं, बाकीचं वाहून जातं. शेवटी प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर, आमच्या प्रथिनाच्या वजनाच्या जागी, एकच ठळक निळी रेघ. मी ती रेघ कितीतरी वेळ पाहत बसायचे. चांद्रीला मारणाऱ्याच्या अंगरख्याचा एक धागा आपण उपसून वेगळा काढलाय, असं वाटायचं.

पण रेघ म्हणजे लस नव्हे. ती चालते का हे सांगायला कोणीतरी जिवंत लागतं. आणि तिथे उंदीर येतो.

आमच्या घरी उंदीर म्हणजे कणगीचा शत्रू. काळ्या औषधाच्या गोळ्या, पिंजरा आणि भाद्रपदात गणपतीपुढे त्याच्याही नावाचा मोदकाचा तुकडा, हे सगळं एकाच घरात. प्रयोगशाळेतला उंदीर मी हातात घेतला तेव्हा यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. पांढरा, लाल डोळ्यांचा, वीस-बावीस ग्रॅमचा. शेपटीच्या बुडाशी धरून जाळीवर ठेवायचा, तो पुढे ओढ घेतो, मग मानेची सैल कातडी चिमटीत धरून उलटा करायचा. काळजाचे ठोके इतके जलद की चिमटीत एक सलग थरथर जाणवते. खाली अंथरायला मक्याची दाणे काढून उरलेली कणसं दळून केलेला भुसा असायचा. त्या भुशाचा वास नाकात गेला की मला आमचं खळं आठवायचं.

घटसर्पासाठी उंदीर का, याचं उत्तर सोपं आहे. या जिवाणूला तो फार लवकर बळी पडतो. जुन्या पद्धतीत मेलेल्या म्हशीचं रक्त किंवा मगज उंदराला टोचत. घटसर्प असेल तर तो दीड-दोन दिवसांत मरतो, आणि मग त्याच्या काळजातलं रक्त काचेवर रंगवलं की दोन्ही टोकांना रंगलेले, सेफ्टी पिनेसारखे दिसणारे जिवाणू सापडतात. म्हणजे चांद्रीच्या त्या हाडाचा निकाल बहुधा एखाद्या उंदरानेच दिला असणार. मी कंदील धरून उभी होते त्या रात्रीच्या तीन-चार दिवसांनी, कुठल्यातरी पिंजऱ्यात.

आणि एक चाचणी आहे, तिच्यापुढे मी आजही थबकते. म्हशीला लस देतात, काही आठवड्यांनी तिचं रक्त घेतात, त्यातला पिवळसर रक्तद्रव वेगळा करतात आणि तो उंदराला टोचतात. दुसऱ्या दिवशी त्या उंदराला जिवंत पाश्चुरेला देतात. लस चांगली असेल तर उंदीर जगतो. म्हशीने कमावलेली ताकद उंदराला वाचवते. ही युक्ती नवी नाही. १८९० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासातो यांनी धनुर्वाताविरुद्ध तयार झालेल्या सशाचं रक्त उंदरांना दिलं आणि ते उंदीर धनुर्वाताला पुरून उरले. रक्तातल्या प्रतिपिंडांची गोष्ट तिथून सुरू झाली. पाचशे किलोची म्हैस आणि वीस ग्रॅमचा उंदीर, आणि एकाचं रक्त दुसऱ्याच्या कामी येतं. मला यापेक्षा मोठं काही कोणी शिकवलं नाही.

उंदीर वापरायचे तर परवानगी लागते. १९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांप्रमाणे प्रत्येक संस्थेत एक समिती असते. तिच्या अर्जात विचारतात: उंदीरच का? इतकेच का? कमी का चालणार नाहीत? त्रास कमी करायला काय करणार? रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन गोष्टी त्यामागे आहेत: शक्य तिथे प्राणी टाळा, नाहीतर कमी वापरा, वापराल तर वेदना कमी करा. मी तो अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यांदा नुसती औपचारिकता म्हणून, आणि दुसऱ्यांदा आकडा टाकताना माझा हात अडला.

माझं प्रथिन ओम्पए या जातीचं, जिवाणूच्या बाहेरच्या पटलातलं होतं. २००८ साली परदेशात एका गटाने हेच करून पाहिलं होतं. उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर तयार झाली, आणि तरीही उंदीर वाचले नाहीत. त्यांनी ते तसंच, शीर्षकातच स्पष्ट लिहून छापलं होतं. तो निबंध वाचला होता म्हणूनच आम्ही वेगळं काही करायचं ठरवलं: प्रथिनासोबत देण्याचं, शरीराचा प्रतिसाद वाढवणारं सहौषध बदलायचं, म्हणजे तो प्रतिसाद दुसऱ्या दिशेने वळेल. चार गट, प्रत्येकात सहा. एकाला नुसतं खारं पाणी, एकाला नुसतं सहौषध, एकाला अख्ख्या जिवाणूची जुनी लस, एकाला माझं प्रथिन. तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. मग रक्त तपासलं. एलायझाच्या, म्हणजे प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीच्या, ताटलीत माझ्या गटाच्या खळ्या इतक्या पिवळ्या झाल्या की मी सरांच्या खोलीत धावत गेले.

मग जिवंत जिवाणू दिला.

रात्रभर दर तीन-चार तासांनी बघायचं होतं. आधी लव उभी राहते, मग पाठ कमानीसारखी होते, डोळ्यांच्या कडा चिकटतात, शेवटी उंदीर कोपऱ्यात सरकतो आणि हाताकडे बघत नाही. प्रत्येक खुणेला गुण होते. ठरलेल्या गुणांना पोचला की त्याला आपणहून मरू द्यायचं नाही, कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत ठेवायचं. पहाटे तीनला माझ्या गटातला पहिला कोपऱ्यात गेला. मी पिंजऱ्याला कान लावला. काय ऐकू येईल असं मला वाटलं होतं, ते मला माहीत आहे. उंदरांचा बराचसा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा असतो. तिथे पंख्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

खारं पाणी आणि नुसतं सहौषध, दोन्ही गट दुसरा दिवस मावळेपर्यंत संपले. जुन्या लशीचे सहाही हिंडत-फिरत होते. माझ्या गटातले पाच गेले, काही तासांच्या फरकाने. एक राहिला.

कारणं नंतर समजत गेली, निदान अंदाज बांधता आला. युरियात उलगडलेलं प्रथिन पुन्हा घडी घालून मूळ आकारात आणणं अवघड असतं. जिवाणूच्या अंगावर ते एका नळकांड्याच्या आकारात बसलेलं असतं, आम्ही दिलेलं बहुधा सुटलेल्या दोऱ्यासारखं होतं. शरीराने दोरा ओळखायला शिकलं, नळकांडं नाही. वर या जिवाणूला एक गुळगुळीत आवरण असतं, त्याखाली हे प्रथिन झाकलेलं. याच जिवाणूचं पीएलपीई नावाचं दुसरं एक प्रथिन उंदरांना आणि कोंबड्यांना वाचवतं असं २००७ मध्ये दाखवलं गेलं आहे, त्यामुळे वाट बंद आहे असं मी म्हणणार नाही. माझं प्रथिन त्या वाटेवरचं नव्हतं, एवढंच.

मला बोलायचं आहे ते यापुढचं. मी सरांना म्हटलं, हे लिहून काढू. ते चांगले माणूस होते, त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की न चाललेल्या लशीचा निबंध कोणी घेत नाही, वेळ घालवू नकोस, पुढच्या प्रथिनाला लाग. मी लागले. ती वही कपाटात गेली. प्रबंधात त्या प्रयोगाला अर्धं पान मिळालं, प्रबंध ग्रंथालयात गेला.

आज मला त्याचा राग येतो, आणि तो सरांवर कमी आणि माझ्यावर जास्त आहे. २००८ च्या त्या लोकांनी आपलं अपयश छापलं नसतं, तर मी त्यांच्याच वाटेने, त्याच सहौषधासह, तितकेच उंदीर पुन्हा घेतले असते. त्यांनी माझे उंदीर वाचवले. मी पुढच्या कोणाचे वाचवले नाहीत. या घडीला कुठल्यातरी प्रयोगशाळेत कोणी मुलगी ओम्पएची निळी रेघ बघून हरखलेली असेल, सहौषध बदलून बघू असं तिला सुचलं असेल, आणि माझ्या वहीत काय आहे हे तिला कळायला मार्ग नाही. ती चोवीसचा आकडा अर्जात भरेल. चालत नाही हेही उत्तरच असतं. त्यासाठी उंदरांनी तेवढंच दिलेलं असतं, जेवढं चाललेल्या प्रयोगासाठी दिलं असतं.

मी आता धुळ्याला शिकवते. उंदरांचं काम सुटलं. मुलींना प्रात्यक्षिकात नाकाम निघालेला प्रयोग तारीखवार, नीट लिहायला लावते आणि त्याचे पूर्ण गुण देते. वही मात्र मी इकडे येताना छायाप्रत काढून आणली होती. यंदा ती टंकून घेतली: प्रथिन कसं शुद्ध केलं, सहौषध कोणतं, मात्रा किती, कोण किती वाजता गेलं. प्राथमिक निबंध ठेवायची खुली संकेतस्थळं आता आहेत, तिथे प्रयोग चालला नाही म्हणून कोणी नाकारत नाही. सरांना कळवलं. त्यांनी हो म्हटलं.

मे महिन्यात घरी गेले होते. गावात लसीकरण होतं. आप्पा आता पंचाहत्तरीला आले आहेत, एकच म्हैस आहे, दुभती. त्यांनी सगळ्यांत आधी तिला पुढे आणलं, स्वतः वेसण धरली. संध्याकाळी धार काढली तेव्हा चरवीत रोजच्यापेक्षा लिटरभर कमी होतं. त्यांनी चरवी आत दिली, काही बोलले नाहीत.

मी ओट्यावर ती पानं तपासत बसले होते. त्यांनी विचारलं, काय वाचतेस. मी सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं, चांद्रीपासून. ते खाटेवर बसून ऐकत होते.

"कितला उंदीर लागनात?"

"चोवीस, आप्पा."

"आनि त्या मरी गयात?"

मी गट सांगितले. जुन्या लशीचे सहा वाचले म्हटल्यावर त्यांनी गोठ्याकडे बघितलं. मग माझा गट सांगितला. पाच गेले, एक वाचला.

"त्या एकनं काय व्हयनं?"

रोगाचा जिवाणू दिलेला उंदीर परत ठेवता येत नाही. प्रयोग संपला की वाचलेल्यांनाही पेटीत ठेवतात, मग पिवळ्या पिशवीत, मग भट्टीत. जुन्या लशीचे सहा आणि माझा तो एक, सातही एकाच दुपारी. त्या एकाला मी स्वतः ठेवलं होतं. हे मी आप्पांना सांगितलं.

ते थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "तो बी जीवच शे." आणि उठले, बादलीत भिजवलेली ढेप हाताने मोडून एकसारखी केली आणि म्हशीपुढे ठेवायला गोठ्यात गेले. मी पुन्हा पानं उचलली. टंकताना त्या सातांची शेवटची नोंद राहून गेली होती. तारीख आणि वेळ घालून ती लिहिली.